खडखड की खुळखुळ

१

रावसाहेबांची लाल गाडी रविवारी भंगारवाल्याला द्यायची ठरली, तेव्हा तिच्यावर आरोप एकच होता. ती आवाज करत होती.

आवाज करणं हा गुन्हा धरला, तर बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं भंगारात घालावी लागतील. पण रावसाहेब हट्टाला पेटले होते, आणि म्हणून बुधवारी सकाळी त्यांच्या पत्नी आनंदीताई माझ्या दारात उभ्या होत्या. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, मी पहिल्या.

“तरन्नुम, तू गाड्यांचे खोटे अपघात पकडतेस ना? मग आमचा एक खरा आवाज पकड.”

माझं काम तेच. विमा कंपनीकडे दावा आला की मी जाऊन गाडी बघते आणि मालक कितपत खरं बोलतोय ते कळवते. आईनं माझं नाव तरन्नुम ठेवलं, म्हणजे सुरेल गाणं. गाणं काही मला जमलं नाही, आयुष्य सायलेन्सर ऐकण्यात चाललंय. त्यात एक गोष्ट मात्र शिकले. गाडी खोटं बोलत नाही. ते खातं मालकाकडं असतं.

आनंदीताई येरवड्याला शिलाईचा वर्ग घेतात. तुरुंगातून सुटून आलेल्या बायका तिथं येतात. त्यांना दुसरीकडं कुणी कामाला उभं करत नाही, आणि आनंदीताईंशिवाय त्यांना शिकवणारंही कुणी नाही. वर्गाची खोली उसनी, दुपारी तिथं भजनी मंडळ बसतं, त्यामुळे शिलाई मशीन रोज न्यायचं आणि रोज परत आणायचं. रावसाहेब ते पुढच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा लावतात. आनंदीताई मागे, कापडाच्या गाठोड्याशेजारी. बस बदलत बदलत मशीन नेता येत नाही, आणि येरवडा म्हटलं की इकडचा रिक्षावाला मान फिरवतो.

“गाडी गेली की वर्ग गेला,” आनंदीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “दोघींना आत्ता कुठं ब्लाउज जमायला लागलाय गं. त्यांना काय सांगू? आमची गाडी खडखडते म्हणून तुम्ही परत रस्त्यावर जा?”

“दुरुस्त का नाही करत?”

“ह्यांचं एकच, गाडी थकली. थकायला ती काय जिने चढते? तीनदा एजाजच्या गॅरेजला पाठवली मी. तिथं गेली की गप्प. हे घेऊन आले की पुन्हा सुरू.”

म्हणजे गाडी माणसं ओळखत होती. वीस वर्षांच्या गाडीला इतकी अक्कल येत नाही, एवढं मला माहीत होतं.

२

आवाजाच्या तक्रारीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तोंडानं करून दाखवा. भलेभले लाजतात. पण माणूस आवाज कसा काढतो, त्यावरून तो कुठून येतो ते निम्मं कळतं.

आनंदीताई लाजल्या नाहीत. “खडखड, खडखड, ठक! पत्र्यावर काहीतरी आपटल्यासारखं. गतिरोधक आला की हमखास.”

“मशीनच नसेल खडखडत?”

“मलाही तेच वाटलं. म्हणून एकदा मशीन घरी ठेवून मंडईपर्यंत जाऊन आलो. तरी खडखड.”

मशीन निर्दोष सुटलं.

मग मी खाली पार्किंगमध्ये गेले. रावसाहेब गाडी पुसत होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, पेपरातलं बारीक अक्षरही चष्मा न घालता वाचणारा आणि शेजाऱ्यांच्या चपलांनासुद्धा शिस्त लावणारा माणूस. मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. ते पुसतच राहिले. “रावसाहेब,” म्हटलं तर केवढ्यांदा दचकले!

“अहो, अशा भुतासारख्या काय येता, तरन्नुमबाई?”

“पुढून आले असते तर हसला असतात का?”

“नसतो.” ते फडकं पिळू लागले. “आमच्या हिनं पाठवलं ना? उगाच तुमचा वेळ. गाडीचं वय झालंय, एवढंच.”

“आवाज कसा येतो ते तेवढं करून दाखवा.”

त्यांना ते आवडलं नाही. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. त्यांनी उजव्या हाताची मूठ केली, कानाजवळ नेली आणि हलवली. “असा. खुळखुळ, खुळखुळ.”

मी गाडीभोवती एक चक्कर मारली. सवयच आहे ती. उजवी बाजू नव्या नवरीसारखी. डाव्या बाजूला मात्र दारावर दोन लांब चरे, मडगार्डला पोचा, आरसा चिकटपट्टीनं बांधलेला. सगळं ताजं.

“हे काय झालं?”

“पुण्यात राहतो आपण,” रावसाहेब म्हणाले, आणि संभाषण संपलं.

तिसरी संशयित त्यांची मुलगी, पायल. खराडीत आयटी कंपनीत असते. आईबाबांनी आपल्याजवळ राहायला यावं म्हणून ती गेलं वर्षभर मागे लागली होती. गाडी गेली तर तिचं काम सोपं होणार होतं. मी फोनवर आडून विचारलं, तिनं सरळ उत्तर दिलं.

“मावशी, तुला वाटतं मी आवाज लावला? सीरियसली? मला गाडी बंद पाडायची असती तर मी किल्लीच घेऊन गेले असते ना.”

“तू ऐकलायस का पण?”

“बाबा चालवत होते तेव्हा एकदा. खटखट असा. नंतर मी स्वतः राउंड मारून आले, तर काहीच नाही. बाबा म्हणाले, थांब, पुसून देतो, मग ने. पुसल्यावर गाडी एकदम सायलेंट. फनी ना?”

मला फनी वाटलं नाही. पुसल्यानं धूळ जाते. आवाज जात नाही.

३

एजाजचं गॅरेज आमच्या चौकाच्या पलीकडं आहे. त्याच्यावर माझा संशय होता, हे कबूल करते. जो आवाज सापडत नाही, तोच गॅरेजवाल्याचं पोट भरतो. मी गेले तेव्हा तो एका जीपखाली झोपला होता. बाहेर आला आणि माझं तोंड बघूनच त्यानं ओळखलं.

“आपा, रावसाहेबांची गाडी ना? मीच तुमच्याकडं येणार होतो. माझं डोकं गेलंय त्या गाडीनं.”

“काय काय केलंस?”

“बुश बदलले. सायलेन्सर टांगायचे रबर बदलले. डिकीतला जॅक कापडात गुंडाळला. चारी दारं आतून उघडून बघितली. खरं सांगू का? मला एकदाही आवाज आला नाही. शेवटच्या खेपेला तर कात्रजपर्यंत नेली, मुद्दाम खड्ड्यांतून. गप्प! रावसाहेब म्हणाले म्हणून पार्ट बदलले, माझ्या कानांनी म्हटलं म्हणून नाही.”

“मग डोकं कशानं गेलं?”

तो जरा ओशाळला. “हसू नका. आवाज नाही, पण वास आहे.”

“पेट्रोलचा?”

“फोडणीचा. गरम वरणावर घालतात ना, तसला. मला वाटलं, कुणाचा डबा सांडला असेल. मॅट धुतले, सीट पुसले, दोन दिवस काचा उघड्या ठेवल्या. जातच नाही.”

मी हसले नाही. जे गॅरेजमध्ये असतं आणि घरी नसतं, ते शोधायला मी आले होते. इथं उलटं निघालं. काहीतरी घरी असतं आणि गॅरेजमध्ये नसतं, पण आपला वास मागे सोडून जातं.

“गाडी तुझ्याकडं कोण आणून देतं?”

“रावसाहेब स्वतः. शिस्तीचा माणूस. बाहेरच थांबवतात, आपलं सामान काढून घेतात, छत्री, बाटली, आणखी काय काय. मग किल्ली देतात.”

“ते सामान कधी बघितलंस?”

“मी कशाला त्यांच्या पिशवीत बघू, आपा?”

बरोबर होतं त्याचं. ते काम माझं होतं.

४

गुरुवारी सकाळी मी न सांगता पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, मलाही येरवड्याला एक गाडी बघायची आहे, सोडता का?

रावसाहेबांचा चेहरा उतरला. “पुढं मशीन असतं.”

“मशीन माझ्याजवळ मागं राहील,” आनंदीताई म्हणाल्या. “एक दिवस त्याला खिडकी नाही मिळाली तर रडणार नाही ते.”

मी पुढं बसले. गाडी निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर माझ्या खालून आवाज आला. खडखड, ठक. आनंदीताईंनी केला होता अगदी तसा.

“ऐकलंस?” त्या मागून म्हणाल्या.

“ऐकलं.”

रावसाहेब फार सावकाश चालवत होते. मधूनमधून मान पार डाव्या खांद्यापर्यंत वळवत, मग पुन्हा समोर बघत. पुलगेटच्या अलीकडं एक स्कूटरवाला डावीकडून पुढं घुसला. तो बऱ्यापैकी आधीपासून शेजारून येत होता, मला दिसत होता. रावसाहेबांनी मात्र असा ब्रेक मारला की मशीन आनंदीताईंच्या मांडीवर आलं.

“अहो!”

“मूर्ख आहेत लोक,” रावसाहेब पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

येरवड्याला पोचलो. दोघं मशीन आत न्यायला लागले, तेव्हा मी चप्पल शोधायचं निमित्त करून सीटखाली हात घातला. सीट पुढंमागं सरकवायची लोखंडी पट्टी असते, तिला दोरा बांधला होता. दोऱ्याला एक गोल डबी लोंबत होती. गाडी हलली की ती पट्टीवर आपटणार, आणि फास ओढला की क्षणात हातात येणार.

मी फास ओढला आणि डबी पर्समध्ये टाकली. मग बोटं नाकाशी नेली. हिंग.

५

घरी आल्यावर डबी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडं बघत बसले. पिवळी प्लॅस्टिकची, हिंगाचीच. झाकणाला चिकटपट्टीचे वेढे. दोरा जाड, शिलाईचा.

हिंग आनंदीताईंच्या स्वयंपाकघरातला. दोरा आनंदीताईंच्या रिळाचा. आणि तक्रार घेऊन आल्या त्याही आनंदीताईच. माझ्या धंद्यात चोरीची तक्रार करणाऱ्यानंच गाडी लपवलेली असते, असं कितीदा पाहिलंय. पण गाडी गेली तर त्यांचा वर्ग जात होता. स्वतःच्या ताटात माती कोण कालवेल?

दुपारी त्या परतल्यावर मी वर गेले. त्या खूश होत्या.

“तरन्नुम, कमाल केलीस! येताना आवाज आला नाही. काय केलंस तू?”

“सांगते. आधी एक सांगा. हिंगाची डबी संपली की काय करता?”

“हा काय प्रश्न? कोरड्या कचऱ्यात टाकते. कचरा हे नेतात खाली. ओला वेगळा, कोरडा वेगळा, मला हातसुद्धा लावू देत नाहीत. मी म्हणे चुकते.”

“आणि रावसाहेब? आवाज गेला म्हणून खूश असतील.”

आनंदीताई थांबल्या. “नाही गं. जेवलेसुद्धा नाहीत नीट.”

मी खाली माझ्या घरी आले. पर्समधून काढल्यापासून डबी टेबलावरच होती. आता हातात घेतली, चिकटपट्टी सोडवून आत बघितलं आणि झाकण पुन्हा लावलं. मुठीत धरून कानाशी नेली आणि हलवली.

आत चिंचोके होते. ते म्हणाले, खुळखुळ.

मग सगळं जागच्या जागी बसलं. चालत्या गाडीत चिंचोके ऐकू येत नाहीत. इंजिनाच्या घरघरीत ऐकू येतं ते डबीचं लोखंडावर आपटणं. म्हणून आनंदीताईंनी खडखड ऐकली, पायलनं खटखट ऐकली, मीही खडखडच ऐकली. खुळखुळ हा आवाज गाडीत कुणी ऐकूच शकत नव्हतं. तो ऐकायचा तर डबी अशी मुठीत धरावी लागते. मी तोंडानं करून दाखवा म्हटलं, तेव्हा रावसाहेबांनी तोंडाबरोबर मूठही हलवली होती. माणूस शब्द जपून वापरतो, हात जपून वापरत नाही.

आणि त्याच माणसाच्या गाडीला सगळे चरे डावीकडं होते.

मी डबी उचलली आणि खाली गेले. पार्किंगमध्ये लाल गाडीचं डावं दार उघडं होतं. रावसाहेब गुडघ्यावर बसून सीटखाली चाचपडत होते.

६

“हे शोधताय?” मी म्हटलं.

त्यांनी डबीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. उठायला त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला.

“तुम्हाला डावीकडचं दिसत नाही,” मी म्हटलं. “कधीपासून?”

मला वाटलं, रागावतील. ते गाडीच्या सीटवर बसले, पाय बाहेर सोडून, आणि फडक्याची घडी घालू लागले.

“काचबिंदू,” ते म्हणाले. “समोरचं स्वच्छ दिसतं, म्हणून कुणाला संशय नाही. मलाही नव्हता. मार्केट यार्डाच्या कोपऱ्यावर एक हमाल डावीकडून आला, पाठीवर गोणी. मला तो दिसलाच नाही हो. आरसा लागला त्याच्या कोपराला. पडला. उठला, मला शिव्या दिल्या आणि गेला. ही मागं बसून कापडं मोजत होती. हिला वाटलं खड्डा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडं गेलो. ते म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, आता गाडी चालवू नका.”

“आणि तुम्ही चालवलीत.”

“सांगितलं असतं तर पायलनं आम्हाला उचलून खराडीला नेलं असतं. आणि ही म्हणाली असती, तुमच्या डोळ्यांपायी माझा वर्ग गेला. म्हणाली नसती, पण मला ऐकू आलं असतं. त्यापेक्षा गाडीमुळं गेला म्हणू दे. गाडीला काय, तिला लाज नाही वाटत. दोन दिवसांत विकून टाकू असं वाटलं होतं. पण ही ऐकेचना! दर वेळी एजाजकडं पाठवायची, आणि तो ठीक आहे म्हणाला की पुन्हा माझ्या हातात द्यायची. रोज मी हिला घेऊन निघायचो आणि रोज डावीकडं दहादा मान वळवायचो.”

मला त्यांची दया आली आणि संतापही आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा मी सरळ बोलते.

“रावसाहेब, आवाज गाडीत लावायच्या ऐवजी तोंडातून काढला असतात, तर आजवर कुणाचा जीव टांगणीला लागला नसता. आत्ता वर जायचं आणि त्यांना सांगायचं. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते.”

ते उठले. जिना चढताना मी मागं होते. पळून जाणाऱ्यातले ते नव्हते, पण विश्वास मी गाड्यांवर ठेवते.

आनंदीताईंनी सगळं उभ्यानं ऐकलं. हातातली कात्री तेवढी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता वर्गाचं विचारतील, किंवा इतके दिवस मला मरणाच्या दारात घेऊन हिंडलात म्हणतील. म्हणायचा त्यांना हक्क होता.

“त्या हमालाला लागलं होतं का?” त्यांनी विचारलं.

रावसाहेबांनी मान खाली घातली. “माहीत नाही.”

“तुम्ही उतरून बघितलं नाही?”

“नाही.”

आनंदीताई खुर्चीवर बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलं नाही. “डोळ्याचं मी समजू शकते हो,” त्या म्हणाल्या. “हे नाही समजू शकत. उद्या सकाळी आपण मार्केट यार्डात जायचं. तो माणूस शोधायचा. सापडेपर्यंत रोज जायचं.”

“आणि वर्ग?” मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

“मशीन पायलच्या घरी ठेवीन. खराडीहून येरवडा किती लांब आहे? ऑफिसच्या आधी आणून देईल, जेवणाच्या सुट्टीत घेऊन जाईल. वर्षभर जवळ या, जवळ या म्हणतेय ना, मग तीच होईल आमची कॅब. कापडं मी बसनं नेईन.” त्या रावसाहेबांकडं वळल्या. “पिशवी तुम्ही धरायची.”

“मी?”

“हात शाबूत आहेत ना?”

रावसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि आनंदीताईंपुढं ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली दोघं मार्केट यार्डाकडं चालत निघाले होते. बाहेर पडले की रावसाहेब नेहमी चार पावलं पुढं असतात आणि आनंदीताई त्यांच्या पाठीशी बोलत जातात, हे आमच्या सोसायटीनं वर्षानुवर्षं पाहिलं आहे. आज आनंदीताई त्यांच्या डाव्या बाजूला होत्या, आणि त्यांनी रावसाहेबांचं कोपर घट्ट धरलं होतं. अजून रागात होत्या, चालण्यावरून कळत होतं.

फाटकापाशी डावीकडून एक टेम्पो येत होता.

“थांबा,” त्या म्हणाल्या.

रावसाहेब थांबले.